साधं खाणारा उंदीर

वितळत्या वनस्पती तुपाला एक वेगळाच वास असतो. गोडसर, जड, घशाच्या मागच्या भिंतीला चिकटून बसणारा. फाल्गुन सरता सरता नागपुरात उन्हाची धग वाढत जाते, दुपारचे रस्ते पांढरे पडतात, अंगावरचं सुती कापडही नकोसं होतं. आणि त्या दिवसांत मी मात्र कळमेश्वरच्या वाटेवरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात, प्राणिगृहालगतच्या एका थंडगार खोलीत उभी राहून तो वास घेत असे. समोर स्टीलची परात. तिच्यात उंदरांच्या नेहमीच्या खाद्याचा कुटून केलेला भुगा, त्यावर ओतलेलं पातळ तूप, कोलेस्टेरॉलची पांढरी, मऊ, पिठासारखी भुकटी, आणि पित्तातला एक क्षार, अगदी चिमूटभर. हातमोजे घालून मी ते मळत असे, त्याचे लहान लहान मुटके वळत असे. वळता वळता हसू यायचं. घरी माझ्या सासूबाईही असेच मुटके वळायच्या, मेथीचे. आणि त्यांच्या हाताला जी चव होती तिचा लोभ आमच्या जरीपटक्याच्या गल्लीत सगळ्यांनाच होता. माझे मुटके मात्र खाणाऱ्याच्या रक्तात काय बदल घडवतात, एवढंच मला बघायचं होतं.

उंदराचं रक्त मोठं मानी असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे? माणसाच्या रक्तातल्या ज्या कोलेस्टेरॉलला आपण वाईट म्हणून नावं ठेवतो, ते त्याच्यात मुळातच थोडं. बहुतेक सगळं चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीचं. नुसतं तूप-तेल चारून ते सहजासहजी ढळत नाही. म्हणून वरून कोलेस्टेरॉल, म्हणून तो पित्तातला क्षार. रीतसर परवानगी घेऊन मी दोन गट केले होते. एक साध्या खाद्यावर, दुसरा माझ्या मुटक्यांवर. सगळे एकाच वयाचे, एकाच वाणाचे, पांढरेशुभ्र, गुलाबी कानांचे. मी पिंजऱ्याजवळ गेले की मागच्या पायांवर उभे राहून हवेतला वास घेत. त्या इवल्या नाकपुड्यांची थरथर पाहताना मनाच्या तळाशी काहीतरी हलत असे. जीव तो जीवच ना! आपण त्यांच्याकडून जे घेणार आहोत त्याच्या बदल्यात निदान त्यांना थंडावा, स्वच्छ भुसा आणि कमीत कमी वेदना द्यावी, एवढं व्रत मी इतकी वर्षं पाळत आले आहे.

त्याच सुमारास आमच्या घरात आजार शिरला.

माझे पती नोकरीमुळे पुण्याला. घरी सासू-सासरे आणि मी. सासूबाईंना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा. त्यांचं सारं आयुष्य कळमेश्वरच्या एका कारखान्यात गेलं आणि निवृत्तीनंतरही गावाकडच्या संत्र्याच्या बागेत फेरी मारल्याशिवाय त्यांचा आठवडा सरत नसे. ते बाबा हिवाळ्यापासून मंदावले. बागेत जायचं नाव काढीनात. जिना चढले की मध्येच कठडा धरून उभे राहत. एक दिवस वर येऊन खुर्चीवर बसले आणि छातीवर तळवा ठेवून म्हणाले, "वैशाली, इथं काहीतरी दाबून राह्यलं पाह्य."

दवाखान्यांनी भरलेली धंतोली आम्हाला कुणी दाखवायची गरज नव्हती. सगळा विदर्भ आपली दुखणी घेऊन तिथंच येतो. पायऱ्यांवर गाठोडी, झाडाखाली डबे उघडून बसलेले नातेवाईक, औषधांच्या दुकानांसमोरची ती अधीर गर्दी. त्या गर्दीत आम्हीही मिसळलो. हृदयाचा आलेख बरा निघाला. पण रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं. डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, मितभाषी. त्यांनी गोळी लिहून दिली, तेल-तूप जवळजवळ बंद करायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "काका, काही आठवड्यांनी परत या. आकडा खाली आला नाही, छातीचं दुखणं थांबलं नाही, तर अँजिओग्राफी करून बघू. मग पुढचं ठरवू."

पुढचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाबांच्या थोरल्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते त्यातून उठले नव्हते. ती आठवण घेऊनच आम्ही तिघं रिक्षातून परतलो.

बातमी कळताच अमरावतीहून नणंद आली. कल्पना मनानं चांगली, बापावर जीव टाकणारी; पण भीतीला जागा मिळाली नाही की ती रागाचं रूप घेते, तसं तिचं झालं. जेवायला बसलो होतो. पानात उकडलेला दुधी आणि कोरडी भाकर. तिनं ताटाकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "आता दुधी उकडून काय उपयोग वं आई? आयुष्यभर बोटभर तर्री तरंगवली बाबाच्या वाटीत. वडाभातावर तेल, पातोडीत तेल. तुह्या हातानंच झालं हे सारं!"

बाबा म्हणाले, "काहून बोलतं गं पोरी असं? मी मागून मागून खाल्लं."

पण शब्द सुटला होता. आईंनी फक्त भाकरीचा मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला, आणि उठून हात धुतले.

त्या दिवसापासून आमच्या घरातून फोडणीचा आवाज गेला. तुम्ही कधी असं घर अनुभवलं आहे का? मोहरी तडतडत नाही, हिंगाचा दरवळ जिन्यापर्यंत येत नाही, कढईवर झाऱ्याचा ठणठणाट नाही. बाबांच्यासोबत आईंनी स्वतःचंही तेल सोडलं; कुणी सांगितलं नसताना प्रायश्चित्त घ्यावं तसं. शेजारच्या घरी बारसं होतं. वडाभात आईंनीच करायचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या घरची सून बोलवायला आली, तर आई दारातूनच म्हणाल्या, "मले नाई जमत आता बाई. दुसऱ्या कोणाले सांग." ज्या हातांचं कौतुक ऐकत त्या म्हाताऱ्या झाल्या, ते हात पदराखाली घेऊन त्या बाल्कनीत बसू लागल्या. अन्न म्हणजे तरी काय असतं गृहिणीचं? ज्या भावना उच्चारता येत नाहीत त्या ती मीठ-मिरचीत कालवून पानात वाढते. आणि एके दिवशी कुणीतरी सांगतं की तू वाढलेलं ते प्रेम नव्हतंच, ते विष होतं. त्याहून मोठा आघात कोणता?

एका रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते. आई शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी मेथीची एकच जुडी हातात धरून ठेवली. मग हळूच विचारलं, "तू त्या उंदरायले काय चारतं वं?"

"एका पिंजऱ्यातल्यांना साधं खाद्य, आई. दुसऱ्यांना तुपाचं."

"मंग तुपवाल्यायचं काय होते?"

मी मेथीची पानं खुडत राहिले. त्यांना खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायची जीभ होत नव्हती. कारण त्याच आठवड्यात मी मधल्या टप्प्याचं रक्त तपासलं होतं. ते थोडा वेळ फिरवून ठेवलं की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर निवळ द्रव उरतो. साध्या खाद्यावरच्या उंदरांचा तो द्रव गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा, पारदर्शक. आणि मुटक्यांवरच्या उंदरांचा गढूळ, पाणी घातलेल्या दुधासारखा. आकडे तर पुढे आलेच, पण ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही त्या दोन नळ्यांतला फरक दिसला असता. प्रयोग यशस्वी होत होता. संशोधक म्हणून मी हर्षित व्हायला हवं होतं. आणि सून म्हणून मला वाटत होतं, माझे उंदीर माझ्याच सासूविरुद्ध साक्ष देत आहेत.

"अजून पुरं व्हायचं आहे," मी म्हणाले, "पूर्ण झालं की सांगते."

आईंनी मान हलवली. "सांगजो पण," त्या म्हणाल्या, "लपवू नको."

चैत्र लागला. प्रयोगाचा शेवट आला. त्या दिवसाविषयी फार लिहवत नाही. भूल देऊन, हात शक्य तितका हलका ठेवून, मनातल्या मनात क्षमा मागत मी ते काम करते, एवढंच सांगते. मग रक्ताच्या नळ्या रांगेत लागल्या. एका बाजूला पिवळ्या, दुसऱ्या बाजूला दुधाळ. आणि पिवळ्यांच्या रांगेत एक दुधाळ.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. नळी बदलली असेल म्हणून पिंजऱ्याचा क्रमांक ताडून पाहिला. तपासणी परत केली. चूक कुठेच नव्हती. तो उंदीर सुरुवातीपासून साध्या खाद्यावर होता. तुपाचा कणही त्याच्या तोंडी गेला नव्हता. त्याच्या पिंजऱ्यातल्या बाकी सगळ्यांची रक्तं निवळ होती. मला आठवलं, शेवटचे काही दिवस तो कोपऱ्यात अंग गोळा करून बसायचा, केस विस्कटलेले, खाण्यात मन नसलेला. मी त्याची मूत्रपिंडं पाहिली. एरवी राजम्याच्या दाण्यासारखी तुकतुकीत असतात. याची फिकट, खरबरीत, आक्रसलेली. पॅथॉलॉजीच्या सहकाऱ्यांनीही पाहून मान डोलावली. मूत्रपिंड बिघडून प्रथिनं अंगाबाहेर गळू लागली की यकृत ती भरून काढायला धावतं, आणि त्या धावपळीत चरबीही रक्तात लोटत राहतं. सारं काही पुस्तकात होतं, मी ते मुलांना दरवर्षी शिकवत होते. आजारी जनावर प्रयोगातून वगळायचं, कारण नोंदवायचं आणि पुढे जायचं, ही आमची रीत. मी वगळलं. पण मला पुढे जाता येईना.

सरासरी ही मोठी सत्यवादी असते. मात्र तिचं सत्य कळपाचं असतं, एकेका जिवाचं नव्हे. तुपानं उंदरांच्या रक्तात चरबी वाढते, हे खरंच. पण चरबी वाढलेला प्रत्येक उंदीर तूप खाल्लेलाच असतो का? साधं खाणारा तो जीव कोपऱ्यात अंग गोळा करून बसला होता तेव्हा त्याच्या आत वेगळंच काही मोडत होतं, आणि त्याचा ठपका, बोलायला कुणी असतं तर, त्याच्या खाद्यावर आला असता.

संध्याकाळी घरी आले. बाहेर भिंती अजून भाजत होत्या. दार उघडताच लक्षात आलं, कूलर बंद होता. बाबा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसलेले, अंगात लोकरी स्वेटर.

"बाबा, कूलर का बंद?"

"थंडी वाजते वं... गार वारा झोंबते," ते म्हणाले. आवाज जाडा, घोगरा, शब्द एकामागून एक सावकाश. डोळ्यांखाली सूज. आणि मी त्यांच्याकडे पाहत उंबऱ्यातच उभी राहिले. नागपूरच्या चैत्रात स्वेटर! सगळ्यांनी ते पाहिलं होतं, रोज पाहत होतो. म्हातारपण म्हणून, अशक्तपणा म्हणून, मनाची भीती म्हणून सोडून देत होतो. इतके दिवस उकडलेलं खाऊनही ते अंगानं सुटल्यासारखे दिसत होते. गोळी सुरू झाल्यापासून मांड्या, पोटऱ्या ठणकतात म्हणून कण्हत होते.

मी आईंना विचारलं, "बाबांना पोट साफ होतं का? कातडी कोरडी पडली आहे का?"

"कातडी तर अशी झाली, तेल लावलं तरी पांढरी," आई म्हणाल्या. मग घाबरून, "काहून वं? काय झालं?"

"काही नाही झालं, आई. उद्या आपण धंतोलीला जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी बाबांचा स्वेटर पाहिला आणि माझं बोलणं संपायच्या आतच त्यांनी हात पुढे करून बाबांच्या गळ्याला बोटं लावली. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय कसा हलतो ते बघितलं. "किती सावकाश परत येतोय बघा," त्या म्हणाल्या. "थायरॉइड बघूया. खरं तर आधीच बघायला हवं होतं." कुणाही मोठ्या डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी क्वचितच ऐकलं आहे. त्या एका वाक्यानं माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन आम्ही परत डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. बाबांच्या गळ्यातली ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी जवळजवळ झोपी गेली होती. ती मंदावली की सारं शरीरच मंदावतं; ऊब उणावते, पाय जड होतात, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घेण्याची यकृताची ताकदही ओसरते. मग माणूस दुधी खावो की तर्री, आकडा चढतच राहतो.

आई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पिशवी मांडीवर आवळून. त्यांनी विचारलं, "डॉक्टरबाई, मंग हे माह्या सैपाकानं नाई झालं?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "काकू, तेल जरा जास्तच होतं तुमचं, ते कमीच ठेवा. पण हा आकडा तुमच्या स्वयंपाकानं एवढा चढला नाही. गळ्यातल्या ग्रंथीनं चढवला."

"पक्कं?"

"पक्कं."

बाबांनी गंभीरपणे विचारलं, "म्हंजे मी हा इतका दुधी फुकटच खाल्ला का?"

आणि आई हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, डोळ्यांतलं पाणी पुसत. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, आणि बहुधा त्यांनाही नसावं.

सुटका एका क्षणात होत नाही. ती उतरत्या तापासारखी हळूहळू येते, घाम फोडत. बाबांची नवी गोळी लहानशा मात्रेनं सुरू झाली. वैशाखात ते सकाळी पायरीवर बसू लागले. ज्येष्ठात एकदा स्वतःच कूलरमध्ये पाणी भरलं आणि "काय उकडून राह्यलं गा बाप्पा!" असं म्हणाले, तेव्हा उकाड्याची तक्रार मला मंत्रासारखी मंगल वाटली. छातीवरचा दाब विरत गेला. आईंना मी प्रयोगाचा सगळा निकाल सांगितला, दुधाळ नळ्यांसकट. लपवू नको असं त्यांनी म्हटलं होतं ना! त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुपवाल्यायचं खरं, अन् त्या एकट्याचंही खरं." मी म्हटलं, हो आई, दोन्ही खरं. संध्याकाळी त्यांनी पळीतलं तेल मोजून अर्धं परत बरणीत ओतलं आणि उरलेल्या अर्ध्यात मोहरी टाकली. ती तडतडली. बाबांनी आतून विचारलं, "आज काय आहे?" इतक्या दिवसांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

कल्पनाचा फोन आला तेव्हा मी जवळच होते. ती रडत होती, ते पलीकडून ऐकू येत होतं. "आई, मी तुले जे बोलली ना..." आईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "कवा बोलली तू? मले तर नाई आठवत," त्या म्हणाल्या. "बाबा बरे हायेत. पोट्टे काय करून राह्यले?"

त्यांना आठवत होतं. सगळं आठवत होतं. पण विस्मरणाचं हे दान त्यांनी इतक्या सहजतेनं दिलं, की घेणारीला ते दान आहे हेही कळू नये. क्षमेचा याहून शालीन प्रकार मी पाहिलेला नाही.

आषाढाच्या तोंडाशी आम्ही पुन्हा धंतोलीला गेलो. आकाश झाकोळलेलं, हवा दमट आणि निश्चल. डॉक्टरीणबाईंनी नवे आकडे पाहिले, बाबांची छाती तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय टुणकन उडाला. कोलेस्टेरॉल बरंच खाली आलं होतं. "अँजिओग्राफीची आता गरज दिसत नाही," त्या म्हणाल्या. "गोळी मात्र रोज, चुकवायची नाही." बाबांनी एखाद्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

परतताना बाबा रिक्षावाल्याशेजारी बसायचा हट्ट करत होते. शेवटी कडेला बसले आणि वाटेतल्या प्रत्येक चौकात पूर्वी काय होतं ते सांगत राहिले. आई मध्ये होत्या. सीताबर्डीची गर्दी ओलांडली, रिक्षा जरा वेगानं धावू लागली, आणि माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. आई झोपल्या होत्या. खड्ड्यांत रिक्षा आदळत होती, हॉर्न वाजत होते, बाबांचं आख्यान चालूच होतं. आणि त्या गाढ, निःशंक, तोंड किंचित उघडं ठेवून झोपल्या होत्या. होळीपासून त्यांना रात्री झोप नव्हती, हे मला माहीत होतं. पलीकडच्या खोलीतली त्यांची कूस बदलण्याची चाहूल मी ऐकत आले होते. एका माणसाच्या मनावर किती ओझं होतं, ते उतरल्यावर त्याच्या मानेचं किती वजन आपल्या खांद्यावर येतं त्यावरून कळतं.

बाबांनी बोलता बोलता आमच्याकडे वळून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "झोपली का वं?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. घर आलं, तेव्हा रिक्षावाल्याला त्यांनीच हळूच सांगितलं, "अजून एक चक्कर मार गा. घाई नाई आमाले."